कोऱ्या डब्याची किंमत

ऐंशी-नव्वदच्या दशकातले जीआय जो आणि ही-मॅन हे खेळण्यातले पुतळे, त्यांच्या जीपा, रणगाडे आणि किल्ले जमवायचा छंद आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. नांदेड-लातूरकडेही एखादा चाळिशीतला गृहस्थ रविवारी भंगाराच्या दुकानात उकिडवा बसून प्लास्टिकचे तुकडे निवडताना दिसतो. घरच्यांच्या लेखी हे खूळ, त्याच्या लेखी इतिहास. इथे बोलणारे दोघे या वादाच्या दोन टोकांना आहेत. मामांनी लातूरच्या गंजगोलाईजवळ आयुष्यभर जनरल स्टोअर चालवलं. त्यांच्यासाठी खेळणी म्हणजे माल. भाच्याचं नांदेडला वजिराबादेत औषधांचं दुकान आहे, पण जीव खेळण्यांत. मामांच्या दुकानाचा माळा रिकामा करायचं ठरलं, भाचा टेम्पो घेऊन लातूरला आला, आणि हे बोलणं झालं.

मामा: माळ्यावर असं काय ठेवलंय म्हणून टेम्पो आणलास? जे विकलं नाही ते वर गेलं. आम्ही त्याला डेड स्टॉक म्हणतो.

भाचा: मला डेड स्टॉकच पाहिजे, मामा. जे विकलं गेलं ते पोरांनी कधीच मोडून टाकलं.

मामा: मोडायलाच घेतलं होतं की! एक मोडतं म्हणून दुसरं खपतं, माझं दुकान त्याच्यावरच चाललं. तू चाळिशी गाठलीस, दोन लेकरांचा बाप झालास, अन् अजून प्लास्टिकचे शिपाई गोळा करायलास. तुझी लेकरं तरी खेळतात का त्यांच्याशी?

भाचा: कपाटाला कुलूप असतं.

मामा: मग झालं! मी दुकानदार असून पोरांना हात लावू द्यायचो, अन् तू बाप असून देत नाहीस.

भाचा: कुलपाचं कारण सांगतो, पण आधी हा शिपाई आला कुठून ते ऐका. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीनं 1964 मध्ये जीआय जो काढला तेव्हा तो एक फूट उंच होता, अंगात कापडाचा गणवेश. एक फुटाच्या माणसाला बसायला जीप करायची तर ती केवढी होईल? महाग पडायची, घरात मावायची नाही. पुढे 1977 मध्ये स्टार वॉर्स सिनेमा आला. केनर कंपनीनं त्याचे पुतळे चार इंचांच्या आतले केले आणि ते तुफान खपले. ते बघून हॅस्ब्रोनं 1982 मध्ये जीआय जो पावणेचार इंचांवर आणला. माणूस लहान झाला तशी गाडी परवडायला लागली. मग जीप, रणगाडा, हेलिकॉप्टर, लष्करी तळ असं सगळं आलं. पुतळा स्वस्तात द्यायचा आणि कमाई गाडीवर करायची, असा हिशेब. 1985 मध्ये तर त्यांनी यूएसएस फ्लॅग नावाची विमानवाहू नौका काढली, साडेसात फूट लांब.

मामा: साडेसात फूट? माझ्या दुकानाचं तोंड दहा फूट. तुझी ती नाव ठेवली असती तर गिऱ्हाईक काय रस्त्यावर उभं केलं असतं?

भाचा: ती इकडे आलीच नाही. पण लहान गाड्या आल्या होत्या. तरी आपल्या भागात मला पुतळे सापडतात, गाड्या मात्र सापडत नाहीत.

मामा: त्याला शोध कसला लावायलास, मला विचार की. पुतळा यायचा पुठ्ठ्याच्या कार्डावर, वर भोक पाडलेलं. खिळ्याला टांगला की झालं, एका खिळ्याला दहा नग. गाडीचा डबा मात्र फळी अडवायचा. तेवढ्या जागेत दोन डझन कंपासपेट्या बसायच्या, अन् जूनमध्ये कंपास हातोहात जायचा. म्हणून मी पुतळे उचलायचो अन् गाडी घेतलीच तर दिवाळीपुरती. माल हैदराबादच्या बेगम बाजारातून यायचा. वाटेत डबा चेपला तर तो नग माझ्या माथी. पुतळ्याच्या किमतीत दप्तर यायचं, गाडीच्या किमतीत दप्तर, बूट अन् वर वह्या. बाप दोन्ही हातांत घेऊन बघायचा अन् डबा खाली ठेवायचा. पुतळा मात्र लेकराच्या रडण्यामुळं जायचा.

भाचा: मग गाडीवाचून पोरं खेळायची कशी?

मामा: गाडी स्वतः करायची! ज्वारीच्या धाटाची बैलगाडी, काडेपेट्यांचा ट्रक, जुन्या चपलेतून कापलेली चाकं. तुझा तो अमेरिकेचा शिपाई बंदुकीसकट धाटाच्या गाडीत बसून गल्लीतून फिरलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करायचे, त्यांना जुंपायचं, अन् पावसात बैल विरघळले की पुढच्या साली नवे. निर्मलची लाकडी खेळणी घे. नांदेडहून शंभरेक किलोमीटरवर गाव. पोनिकीचं हलकं लाकूड, त्यावर रंग, बघत राहावं अशी नजाकत. जमवायचंच आहे तर ते जमव. त्यात माणसाचा हात आहे. तुझ्या शिपायात काय आहे? साच्यात प्लास्टिक ओतलं अन् निघाला.

भाचा: साचा आहे म्हणूनच तर गोष्ट आहे, मामा. असला पोलादी साचा करायला फार खर्च येतो. म्हणून परदेशात एखादं खेळणं खपायचं थांबलं की कंपन्या साचा दुसऱ्या देशात धाडायच्या. साठच्या दशकाच्या अखेरीला इंग्लंडच्या डिंकी मोटारींचे साचे कलकत्त्याला आले, त्यांतून 'निकी टॉइज' निघाली. तेव्हा परदेशी खेळणं सरळ आयात करणं सोपं नव्हतं, म्हणून मोठ्या कंपन्या इथला भागीदार शोधायच्या. ही-मॅन मॅटेलचा, पण इथे तो 'लिओ' नावानं आला. लिओ कुणाची? ब्लो प्लास्टची, म्हणजे व्हीआयपी सुटकेसवाल्यांची. आणि फनस्कूल 1987 मध्ये निघाली ती एमआरएफ टायरवाल्यांची, हॅस्ब्रोच्या भागीदारीत, कारखाना गोव्यात. जो जन्मानं अमेरिकेचा असला तरी तुमच्या खिळ्याला टांगलेला जो गोव्यात घडलेला.

मामा: टायरवाले अन् सुटकेसवाले. बरोबर आहे, प्लास्टिक अन् रबर त्यांच्याच घरचं.

भाचा: आणि गोव्याचा माल अमेरिकेच्या मालाची नक्कल राहिला नाही. इथल्या पुतळ्यांचे रंग वेगळे, कधी एकाच पुतळ्याचे रंग लॉटमागे बदललेले. दूरदर्शनवर मोटारसायकलवाला स्ट्रीट हॉक गाजला, तर फनस्कूलनं जीआय जोच्या मालिकेत त्याच नावाचा पुतळा काढून टाकला. अमेरिकेतले संग्राहक आज हाच भारतीय माल शोधतात.

मामा: शोधू देत. आमच्याकडं रंग वेगळा आला की गिऱ्हाईक म्हणायचं डुप्लिकेट आहे, पाच रुपये कमी करा. हा एक घे. कंबरेतून तुटलाय.

भाचा: तुटला नाही. थांबा, दाखवतो. पाठीवर हा एकच स्क्रू आहे. तो काढला की छाती आणि पाठ अशी दोन शकलं होतात. आत हे काळं रबराचं कडं बघा. वरून ते छातीतल्या खुंटीला अडकतं, खालून पायांच्या लोखंडी आकड्याला. कंबर, दोन्ही पाय, सगळा शिपाई या एका कड्याच्या ताणावर उभा असतो. आपल्याकडचा उन्हाळा, त्यात पत्र्याखालचा माळा. रबर वाळतं, तडकतं आणि माणूस मधोमध सुटतो. हात लावलात की भुगा झाला, बघा.

मामा: हे तर फवारणी पंपातलं ओ-रिंग आहे! तुला हे अमेरिकेहून मागवावं लागतं का?

भाचा: नाही हो. नांदेडच्या मोंढ्यात पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानातून घेतो. अर्ध्या इंचाच्या आसपासचं, पातळ बघून घ्यायचं. जाड घेतलं तर ताण जास्त होतो आणि कंबरेचा तुकडाच फुटतो. दुकानदार विचारतो, पंप कुठल्या कंपनीचा? मी म्हणतो, जुना आहे.

मामा: (हसत) हे मला पटलं. वस्तू दुरुस्त करून चालती केली तर तिला अर्थ आहे. पण दुरुस्त करून परत कुलपातच घालणार ना?

भाचा: कुलपाचं कारण धाकटी. तीन वर्षांची आहे, हाती येईल ते तोंडात घालते. आपल्याकडे खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं ते 1 जानेवारी 2021 पासून. त्याआधीच्या रंगांत शिसं आहे की नाही, हे तपासायचं बंधन दुकानात नव्हतं. मऊ प्लास्टिकची जुनी डोकी तर चिकट होतात, आतलं मऊपणाचं रसायन बाहेर झिरपतं. ते लहान लेकराच्या हातात कसं देऊ?

मामा: धाकटीचं मान्य. थोरला अकरा वर्षांचा आहे, तो काही शिपाई चावत नाही. अन् थोड्या दिवसांनी तो आठवीत जाईल, तू त्याला इथं लातूरला शिकवणीला आणून टाकशील, मग कपाट उघडं ठेवलंस तरी कोण बघणार आहे?

भाचा: तुमच्या अभ्यासाच्या लातूर पॅटर्नचे तर माझ्यासारख्यांवर उपकार आहेत. दहावीचं वर्ष आलं की आईबाप खेळणी पोत्यात घालून माळ्यावर टाकायचे. म्हणूनच कित्येक धडधाकट उरली.

मामा: असले उपकार लेकरांना विचार. बरं, तो खालचा डबा काढ. दोऱ्यानं बांधलेला. वर माझ्या हातची तारीख आहे.

भाचा: सप्टेंबर 93. आत चार गाड्या, सगळ्या कोऱ्या! मामा, सील फोडलेलं नाही. याची किंमत ठाऊक आहे का तुम्हाला?

मामा: ठाऊक आहे, म्हणून तर सांगतो. त्या साली मी गणपतीच्या आधीच दिवाळीचा माल उचलला होता. विसर्जनाची रात्र सरली अन् पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. 30 सप्टेंबर. किल्लारी, सास्तूर, गावंच्या गावं जमीनदोस्त. हजारो माणसं दगडामातीच्या भिंतींखाली गेली. दिवाळीत गोलाईतलं माझं गिऱ्हाईक यायचं ते औशाकडचं, निलंग्याकडचं, उमरग्याकडचं. त्या दिवाळीला कोण येणार होतं? दुकान उघडायचो, बसायचो, बंद करायचो. हा डबा दोऱ्यानं बांधला अन् वर टाकला, पुढच्या साली काढायचं जिवावर आलं. तू ज्याला कोरा डबा म्हणतोस, ज्याला उघड्या डब्याच्या चौपट पैसे मोजतोस, त्याचा माझ्या लेखी अर्थ एकच. हे खेळणं कुणा लेकराच्या हाती पोचलं नाही. त्याचं मोल वाढलं कसं, हे मला कळत नाही.

भाचा: बाजारात वाढतं, कारण बाजाराला ही हकिगत माहीत नसते. तुम्ही सांगितलं नसतंत तर मी चिठ्ठीवर 'उत्तम स्थिती, न उघडलेला' एवढंच लिहिलं असतं. पण म्हणूनच हा डबा भंगारात जाऊ नये असं मला वाटतं. तेरचं वस्तुसंग्रहालय बघितलंय ना?

मामा: लामतुऱ्यांचं. बघितलंय.

भाचा: तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर, मोठी व्यापारी पेठ. तिथल्या शेतांत मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती निघायच्या. लोकांना त्याचं काही नव्हतं, नांगराला अडथळा. रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी ते वेचलं, सांभाळलं, म्हणून आज त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे. पुण्याचे दिनकर केळकर घ्या. 1920 च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती जमवायला लागले. घरोघरी पडलेल्या वस्तू. हजारो जमल्या आणि 1975 मध्ये त्यांनी सगळ्या राज्य सरकारला देऊन टाकल्या.

मामा: तेरच्या वस्तू दोन हजार वर्षांच्या. तुझा जो पस्तीस वर्षांचा.

भाचा: त्याही कधीतरी पस्तीसच वर्षांच्या होत्या, आणि तेव्हा त्यांना कुणी विचारत नव्हतं. दायमाबादचं उदाहरण तर खेळण्यांच्या याहून जवळचं आहे. 1974 मध्ये श्रीरामपूरकडे प्रवरेच्या काठी झाडाचं मूळ खणताना चार काशाच्या वस्तू निघाल्या. गेंडा, हत्ती, रेडा आणि एक रथ. सगळ्यांचं वजन साठ किलोंच्या वर. रथ 45 सेंटिमीटर लांब, दोन बैल जुंपलेले, आणि त्यात उभा असलेला माणूस 16 सेंटिमीटरचा. माझा ही-मॅन त्याच्यापेक्षा जरासाच बुटका आहे.

मामा: तो पूजेचा असेल. एवढ्या वजनाचं खेळणं कुठल्या लेकरानं ओढलं?

भाचा: पूजेचा असेलही. पण गाडी करायची आणि तिच्यात माणूस उभा करायचा, ही हौस हॅस्ब्रोनं शोधलेली नाही, एवढंच मला म्हणायचंय. तुमची धाटाची गाडी आणि पुण्या-साताऱ्याकडच्या पोरांचा दिवाळीतला किल्ला, त्याच्यावरचे मातीचे मावळे, सगळं त्याच घराण्यातलं. फरक एवढाच की ते टिकत नाही आणि प्लास्टिक टिकतं.

मामा: टिकत नाही म्हणून पोरं दर साली नवं करायची, हात चालायचा. तुझं टिकलं म्हणून काय झालं? ते कपाटात, अन् पोरगं मोबाइलवर. आता खरं सांग, पैसे किती घालतोस?

भाचा: वर्षाची रक्कम ठरलेली आहे. तिच्या पुढं नाही.

मामा: अन् फसलास किती वेळा? कारण तुमच्या या कोऱ्या डब्यांची एक गंमत मला माहीत आहे. पोरगं पुतळा घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी बाप परत घेऊन यायचा, नको म्हणून. मी काय करायचो? शिपाई परत कार्डावरच्या प्लास्टिकच्या बुडबुड्यात बसवायचा, फेव्हिकॉल लावायचा, खिळ्याला टांगायचा. नवा म्हणून गेला! तुझ्या कोऱ्यांतले किती असे असतील, देव जाणे.

भाचा: ओळखायचा कसा?

मामा: कंपनीचा बुडबुडा मशीनवर उष्णतेनं चिकटवलेला असतो. तो ओढला की कार्डाचा छापलेला पापुद्राच निघून येतो. दुकानदाराचं काम असेल तर कडेला गोंदाचा पिवळा ओघळ दिसतो, अन् खाली कार्ड फाटलेलं. उजेडात तिरकं धरून बघायचं. पण हेही खरं की 2001 नंतर असलं काही करायची गरजच उरली नाही. आयातीवरचे संख्येचे निर्बंध उठले अन् चीनचा माल असा आला की पंधरा-वीस रुपयांत आवाज करणारी, लुकलुकणारी मोटार. तुझ्या जोला कोण विचारतं? परत कुणी आणत नव्हतं, कारण मोडली तर टाकून द्यायची.

भाचा: मामा, तुम्ही आता एवढं बोललात, यातलं निम्मं मला कुठंही वाचायला मिळालेलं नाही. पुतळा टांगता येतो म्हणून जास्त आला, वेगळ्या रंगाला डुप्लिकेट म्हणायचे, परत आलेला माल कसा चिकटवायचे. मला हे डबे नकोत असं नाही, पण त्याहून तुमची मालाची वही पाहिजे. कुठल्या साली कुठला नग आला, कितीला घेतला, कितीला गेला. गोव्यातनं निघालेली जीप लातूरला केव्हा पोचली हे दुसरं कोण सांगणार?

मामा: वही? तिच्यात उधारी आहे. माणसं अजून गोलाईत भेटतात मला. कुणी लेकराच्या हट्टापायी पुतळा उधार नेला, अन् पैसे राहिले ते राहिले. ती नावं लोकांनी वाचायची नाहीत.

भाचा: नावं झाकून नकला काढतो. वही तुमच्याकडेच राहील.

मामा: मग दोन अटी. कोऱ्या डब्यांवर 93 सालचं जे सांगितलं ते लिहायचं, अन् ते डबे विकायचे नाहीत. अन् दुसरी, जे सुटे, मोडके, रबर तुटलेले आहेत ते दुरुस्त करून थोरल्याच्या हातात द्यायचे. त्यानं पुन्हा मोडले तर बोलायचं नाही.

भाचा: थोडं बोलेन.

मामा: थोडं चालेल.

दोघांचा वाद इथे मिटला असं नाही. खेळणं हातात असावं, असं मामांना अजून वाटतं. निदान एक तरी जपलं जावं, असं भाच्याला अजून वाटतं. दोघांचंही खरं आहे आणि दोन्ही एकाच घरात नांदू शकतं: धडधाकट ते कपाटात, मोडकं ते पोरांच्या हातात. पण त्यांच्या बोलण्यातून तिसरीच एक गोष्ट कळते. प्लास्टिक पुढची शंभर वर्षं कुठे जात नाही. जातो तो कागद, आणि जातं ते सांगणारं माणूस. हे खेळणं कुठल्या दुकानातून आलं, कितीला आलं, कुणी हट्ट केला, का विकलं गेलं नाही, याची नोंद नसलेला संग्रह म्हणजे महागडा डेड स्टॉक.

म्हणून संग्राहकांना आणि संग्राहक नसलेल्यांनाही एक विनंती. घरात जुनं खेळणं निघालं तर त्याचा भाव शोधण्याआधी एका चिठ्ठीवर चार ओळी लिहा: कुणाचं, कुठल्या गावचं, कुठल्या दुकानातलं, साधारण कुठल्या सालचं. बिल सापडलं तर त्याचा फोटो काढा. गावात खेळण्यांचं दुकान चालवलेलं कुणी असेल तर एक दुपार त्यांच्यापाशी बसा. ही माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. दिवाळीची साफसफाई निघाली की भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यांना हाक मारा.